मॅथ्स सोडलंय? हरिहरेश्वरला जाऊन या!

अकरावी कॉमर्सला ‘मॅथ्स की एसपी?’ या प्रश्नावर तुम्ही डोळे मिटून एसपी घेतलं होतं ना? सुटलो एकदाचे, असं वाटलं. आता नोकरी करता करता एमबीएचे वेध लागलेत. सीईटी असो वा कॅट, क्वांट आहेच. अॅडमिशन मिळाली तर पहिल्याच वर्षी अकाउंट्स, स्टॅटिस्टिक्स, फायनान्स. सोडलेलं गणित दारात हजर!

टेन्शन नको. गाडी बहुतेकदा अडते ती कॅल्क्युलसपाशी नाही, तर टक्केवारी, गुणोत्तर आणि सरासरीपाशी. गंमत अशी, की या एकाच पायावर तीन-चार पेपर उभे असतात. पाया कच्चा, तर मार्क सगळीकडेच जातात.

समजा, होम स्टे काढला...

वीकेंडला हरिहरेश्वरला गेलात, की मोदक खाता खाता हा हिशेब मांडा. दोन खोल्या, एका रात्रीचं भाडं १,५०० रुपये. चहा-नाश्ता, धुलाई यांचे ५०० वजा जाता हातात १,०००. पगार, लाइट, कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ३०,०००. म्हणजे ३० बुकिंग झाली की ब्रेक-इव्हन. पण चार वीकेंडच्या दोन-दोन रात्री धरल्या तर होतात १६च. मग लावा बोर्ड, ‘२० टक्के डिस्काउंट’! भाडं १,२००, हातात ७००. आता बुकिंग लागतात ४३! सूट २० टक्के, पण गिऱ्हाईक हवं ४३ टक्के जास्त.

फॉर्म्युला पाठ असलेला हे पेपरात सोडवतो. आकड्यांची सवय असलेल्याला बोर्ड वाचतानाच खटकतं. केस स्टडीत खरा फरक पडतो तो इथे.

पेशवाई फंडा

बाळाजी विश्वनाथ भट जवळच्याच श्रीवर्धनचे. १७१३ मध्ये ते पेशवे झाले आणि १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. चौथाई म्हणजे २५ टक्के, सरदेशमुखी १०. शेवटी टक्केवारीच की!

एवढं कराच

* प्रदक्षिणेची खडकातली वाट ओहोटीलाच मोकळी असते आणि ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. शनिवारी ९ वाजता, तर रविवारी? उत्तर काढा; पण खाली उतरण्याआधी गावात विचारूनच घ्या.
* बिल आलं की आधी मनात अंदाज, मग मोबाइल.
* रोज १५ मिनिटं सातवी-आठवीचं गणित. लाजायचं काय त्यात?

महिनाभर हे करून बघा. ‘फायनान्स आपल्याला झेपणार नाही’ हा निकाल त्यानंतरच लावा!