घट्ट कपड्यांनी पाय हलके होतात का?

मैत्रिणींनो, सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांचं चित्र आता आपल्या छोट्या गावांतही किती बदललंय, नाही? साडीवर चपला अडकवून घाईघाईत दोन फेऱ्या मारणाऱ्या बायका आता ट्रॅकपँट आणि बूट घालून येतात. सुनेबरोबर सासूही येते. मला तर हे बघून फार बरं वाटतं. पण या बदलाबरोबर आमच्या गटात एक नवा शब्दही शिरलाय, 'कॉम्प्रेशन'. म्हणजे अंगाला गच्च आवळून बसणारी लेगिंग, पोटरीवर चढवायची नळी, गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे. दुकानदार सांगतो, "ताई, हे घाला, दमणार नाही. दुसऱ्या दिवशी पायही दुखणार नाहीत." आणि किंमत? साध्या लेगिंगच्या तीन-चार पट! घरखर्चातून वाचवलेले पैसे यात घालावेत का, असं महिला मंडळात इतक्या जणींनी विचारलं, की म्हटलं जरा मुळापासून माहिती घेऊ या.

तर हे प्रकरण मूळचं खेळाचं नाहीच, औषधोपचाराचं आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कॉनराड जॉब्स्ट नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांच्या पायाच्या शिरा फुगलेल्या. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की आपल्या पायांना आराम पडतो, हे त्यांच्या लक्षात आलं. पाणी जितकं खोल तितका त्याचा दाब जास्त. म्हणजे पावलांशी सगळ्यात जास्त आणि वर वर कमी. तसाच दाब देणारे मोजे त्यांनी १९५० च्या सुमारास तयार केले. आपल्या पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते खाली परत येऊ नये म्हणून शिरांमध्ये बारीक झडपा असतात. झडपा ढिल्या झाल्या की रक्त खाली साठतं, शिरा फुगतात, पाय जड होतात. तिथे हे मोजे खरोखर उपयोगी पडतात.

मग खेळाडूंनी ते उचलले. ॲलन आयव्हरसन या अमेरिकन बास्केटबॉलपटूने २०००-०१ च्या हंगामात कोपराला सूज आली म्हणून हातावर अशी नळी चढवली. त्याचं कोपर दुखत होतं, पण बघणाऱ्यांना ती फॅशन वाटली! हळूहळू घट्ट कपडा म्हणजे खेळाडूचा कपडा असं समीकरणच झालं.

आता त्याचा फायदा किती? २०१७ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत अजित चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस धावपटूंना दोन वेगवेगळ्या दिवशी अर्धा-अर्धा तास पळवलं, एकदा घट्ट टाइट्स घालून आणि एकदा त्यांच्याशिवाय. टाइट्समुळे स्नायूंची थरथर कमी झाली, पण थकवा मात्र तेवढाच! आणि गंमत म्हणजे या प्रयोगाला पैसा दिला होता खेळाचे कपडे विकणाऱ्या नाइकी कंपनीने.

व्यायामानंतरच्या दुखण्याचं म्हणाल, तर तिथे थोडं बरं आहे. २०१४ मध्ये बारा अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा हे कपडे घालणाऱ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची अंगदुखी काहीशी कमी जाणवली. पण २०२२ मध्ये एकोणीस प्रयोगांचा हिशेब मांडला, तेव्हा स्नायूंची ताकद लवकर भरून येते असं काही दिसलं नाही. शिवाय घट्ट कपडा घातलाय हे घालणाऱ्याला कळतंच. त्यामुळे 'आता बरं वाटणार' या समजुतीचाही त्यात वाटा असू शकतो.

थोडक्यात काय, रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या, सूर्यनमस्कार घालणाऱ्या आपल्यासारख्यांना या कपड्यांवाचून काही अडत नाही. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी उलटलेल्या लताबाई करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपटही आला. अनवाणी धावा असं मी मुळीच म्हणणार नाही, पण पळतात ते पाय, कपडा नव्हे, एवढं त्यातून घ्यावं. तुम्हाला अशी लेगिंग आवडते, कुडत्याखाली सुटसुटीत वाटते? मग खुशाल घाला. फक्त ते औषध आहे असं समजून पैसे मोजू नका.

मला विचाराल तर पैसे आधी बुटांवर खर्च करा. त्यानंतर नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा घ्या. ही गोष्ट मागायला आपल्याकडे अजून लाज वाटते. मग छाती हलते, दुखते, लोक बघतात म्हणून मुली धावणंच सोडतात. आमच्या कबड्डीच्या मुलींना मी हेच सांगते, की पोटरीची नळी नंतर, आधी ही. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने भिजलेला घट्ट कपडा तासन्‌तास अंगावर राहिला तर जांघेत गजकर्ण ठरलेलं! व्यायाम झाला की कपडे बदलायचे, धुऊन उलटे करून कडकडीत वाळवायचे.

आता मुख्य मुद्दा. आमच्या बचत गटातल्या एक ताई पोळी-भाजी केंद्र चालवतात. पहाटेपासून दुपारपर्यंत उभ्या. संध्याकाळी पाय सुजायचे, पोटरीवर निळ्या गाठी आलेल्या. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी अठराशे रुपयांची 'कॉम्प्रेशन' लेगिंग आणली. दोन महिने घातली, फरक शून्य. उलट घोट्याजवळची कातडी काळवंडली, खाज सुटली. मी त्यांना जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेलं. पायाची डॉपलर सोनोग्राफी झाली आणि झडपा निकामी झाल्याचं कळलं. असंच अंगावर काढलं असतं तर तिथे न भरणारी जखम झाली असती, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांना जे मोजे मिळाले ते घोट्याचं आणि पोटरीचं माप घेऊन. त्यावर दाब आकड्यात लिहिलेला असतो, रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. १५ ते २०, २० ते ३० असा. दुकानातल्या फॅशनच्या लेगिंगवर बहुतेक वेळा असा आकडाच नसतो. हे मोजे सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आधी चढवायचे आणि सहसा झोपताना काढायचे. वरची कड दुमडायची नाही, नाहीतर तिथेच दोरी बांधल्यासारखं आवळतं. रोज वापरले तर चार-सहा महिन्यांत ते सैल पडतात.

मधुमेह असेल, पाय बधिर होत असतील किंवा पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल, तर असं काहीही स्वतःच्या मनाने घालू नका. आवळलेलं कळतही नाही आणि इजा होते. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर मोजे नकोत, मालीश तर नकोच. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका.

दिवसभर ओट्याशी, शाळेत फळ्यापुढे, दुकानात गल्ल्यामागे आपण बायका उभ्याच असतो. पाय दुखणं हे आपल्याला दुखणं वाटतच नाही. 'होतंच गं ते' म्हणून आपण गप्प बसतो, नाहीतर जाहिरातीतलं काहीतरी आणतो. म्हणून पुढच्या वेळी दुकानात घट्ट लेगिंग हातात घेतलीत, की आधी स्वतःला विचारा, हे मला हौसेसाठी हवंय की पाय दुखतात म्हणून? हौसेसाठी असेल तर परवडेल तेवढं घ्या. पाय दुखत असतील, तर ते पैसे पर्समध्ये परत ठेवा आणि आधी पाय डॉक्टरांना दाखवा.