अकुशल कामाची दरखास्त

अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना मालकाच्या दरखास्तीवरून मिळतो तो अभियंत्यांना आणि संगणकतज्ज्ञांनाच, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या कामाला दोन वर्षांचेही शिक्षण वा अनुभव लागत नाही, म्हणजे कोंबड्या कापून साफ करण्याचे, वृद्धाश्रमातील चादरी धुण्याचे, खानावळीतील भांडी घासण्याचे, त्या कामासाठीही तेथील कायद्याने एक अरुंद वाट ठेवली आहे. न्यू जर्सीतील एका वकिलांच्या कचेरीत अशा प्रकरणांची कागदपत्रे लावण्याचे काम मी पुष्कळ काळ केले, आणि त्यात माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली, ती ही की या सबंध व्यवहारात मजुराच्या हक्काचे असे एकच काही असते : दरखास्त दाखल झाली ती तारीख.

बाकी सारे मालकाचे. त्या कामाला त्या भागात किती वेतन चालते हे मजूर खाते प्रथम ठरवून देते आणि त्याहून कमी देऊ करण्याची मालकाला मुभा नसते. मग राज्याच्या रोजगार कचेरीत 30 दिवस जागेची नोंद, दोन रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात, आणि खुद्द कामाच्या जागी सलग दहा कामाचे दिवस लावलेली नोटीस. ही नोटीस एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात हात धुण्याच्या बेसिनवर चिकटवलेली मी पाहिली आहे. येणारीजाणारी माणसे तिच्यापुढे थांबत, आणि सर्वांत आधी वाचीत तो वेतनाचा आकडा. कारण तो आपल्या मिळकतीशी ताडून पाहण्याची आणि काही वावगे दिसल्यास सरकारला पुराव्यासह कळविण्याची सवड त्याच कागदाने त्यांना दिलेली असते. जाहिरात वाचून कोणी लायक स्थानिक माणूस आला आणि काम करावयास राजी झाला, तर प्रकरण तेथेच थांबते. ही अट मला न्याय्य वाटते, कारण परक्या गरिबाला आत घेताना घरच्या गरिबाचा घास काढून घेतला जाऊ नये. या टप्प्यावरील वकिलाचा आणि जाहिरातींचा खर्च मालकानेच सोसावा, मजुराकडून घेऊ नये, असा 2007 पासूनचा नियमही तितकाच रास्त आहे. म्हणूनच गावाकडे त्या नावाखाली पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारात उभे करू नये, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगत आलो.

न्याय हरवतो तो पुढे, संख्येपाशी. 1990 च्या कायद्याने या वर्गाला वर्षाकाठी फार तर 10,000 परवाने ठेवले, त्यांतच बायकामुले मोजली, आणि 1997 च्या दुसऱ्या कायद्याने त्यांतूनही 5,000 पर्यंत वजा करण्याची तरतूद केली. त्यावर पुन्हा प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे त्या तारखेनुसार लागणारी भारतीय मजुराची रांग दहा वर्षांच्याही पलीकडे जाते.

कऱ्हाडकडील एक गृहस्थ मस्कतच्या हॉटेलात सफाईचे काम करीत आणि दर महिन्याला अमेरिकी सरकारचे तारखांचे पत्रक निघाले की कचेरीत फोन करून आपल्या रांगेची तारीख किती पुढे सरकली हे विचारीत. मधल्या काळात त्यांच्यासाठी दरखास्त करणारा वृद्धाश्रम विकला गेला, नव्या मालकाने जबाबदारी घेतली नाही, आणि दुसरा मालक गाठून वेतननिश्चिती, जाहिराती, नोटीस असे सारे मुळापासून करावे लागले. परंतु पहिला अर्ज एकदा मंजूर झालेला असल्यामुळे जुनी तारीख नव्या प्रकरणालाही लागू झाली, आणि हे त्यांना सांगताना मला झालेला आनंद मी विसरलेलो नाही. मात्र त्यांच्या मुलीचे वय थांबले नव्हते. 2002 च्या कायद्याप्रमाणे मालकाचा अर्ज सरकारदरबारी विचाराधीन असतानाचे दिवस तेवढे मुलाच्या वयातून वजा होतात, रांगेत गेलेली वर्षे होत नाहीत. त्यामुळे वांद्र्याच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीचे बोलावणे आले तेव्हा एकवीस ओलांडलेल्या त्या मुलीचे नाव त्यात नव्हते. “साहेब, आम्ही तिकडे पोचल्यावर तिला बोलावता येईल ना?” असे त्यांनी विचारले. ती अविवाहित राहिली तर येईल, असे मी सांगितले; त्यासाठी त्यांना स्वतः निराळी दरखास्त करावी लागेल, आणि तिच्यावर पडणारी तारीख नवी असेल.