विश्लेषण : ‘प्लेजरिझम’ म्हणजे नेमके काय? दहा टक्के खरेच ‘चालतात’ का?

पीएच.डी.चा प्रबंध जमा करण्याची वेळ आली की विद्यार्थ्यांमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘तुझा प्लेजरिझम किती आला?’ कोणी ८ टक्के सांगतो, कोणी २२. मग तो आकडा खाली आणण्याची धडपड सुरू होते. मुळात हा प्रश्नच चुकीचा आहे. संगणक जो आकडा देतो तो प्लेजरिझमचा नसतो. या शब्दाचा अर्थ नीट न कळल्याने काही जण निष्कारण घाबरतात, तर काही जण गंभीर चूक करूनही निर्धास्त राहतात. म्हणून हा शब्द समजून घेऊ.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘प्लेजिआरिअस’ म्हणजे माणसे पळवून नेणारा. पहिल्या शतकातील रोमन कवी मार्शल याने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून वाचणाऱ्याला हा शब्द वापरला. सतराव्या शतकात तो इंग्रजीत रुळला. मराठीत त्याला ‘वाङ्मयचौर्य’ म्हणतात. उच्चार मात्र ‘प्लॅगॅरिझम’ नव्हे, ‘प्लेजरिझम’ असा करावा. क्रियापद ‘प्लेजराइज’ आणि असे करणारा तो ‘प्लेजरिस्ट’.

व्याख्या काय?

दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती आपलीच असल्याचे भासवणे, ही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीतील व्याख्या. यात ‘काम’ आणि ‘कल्पना’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. केवळ वाक्ये उचलली म्हणजेच प्लेजरिझम, असे नाही. तक्ता, आकृती, युक्तिवाद, मांडणीचा क्रम हेही श्रेय न देता घेतले तर ते याच सदरात मोडते.

पायरसी आणि प्लेजरिझम एकच का?

नाही. एखाद्या कादंबरीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते, तेव्हा लेखकाचे नाव तसेच असते. तिथे स्वामित्वहक्काचा भंग होतो, प्लेजरिझम नाही. उलट, तुकोबांचा अभंग कोणी स्वतःच्या नावाने छापला तर स्वामित्वहक्काचा प्रश्न येत नाही. कारण भारतात तो हक्क साधारणपणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत असतो. तरीही ते वाङ्मयचौर्यच. आणि कुणीतरी लिहिलेली कविता पु. लं.च्या नावावर फिरते, तो या दोन्हींपेक्षा वेगळा प्रकार : तिथे चोरी नसते, नाव भलत्याचे चिकटवलेले असते.

मग टक्के कशाचे?

सॉफ्टवेअर फक्त ‘साम्य’ मोजते. तुमचा मजकूर त्याच्याकडील साठ्याशी किती जुळतो, एवढेच ते सांगते. अवतरणचिन्हात, श्रेय देऊन घेतलेला उताराही त्याला जुळणारा दिसू शकतो. म्हणूनच श्रेय दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाणित चिन्हे व समीकरणे तपासणीतून वगळावीत, असे नियमावली सांगते. सर्वज्ञात माहिती किंवा योगायोगाने सलग १४ शब्दांपर्यंत जुळलेला मजकूरही त्यात येतो.

प्रबंधांसाठी पातळ्या अशा :

• १० टक्क्यांपर्यंत साम्य : दंड नाही.
• १० ते ४० टक्के : ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो.
• ४० ते ६० टक्के : एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही.
• ६० टक्क्यांहून अधिक : त्या अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द.

प्राध्यापकांनाही सूट नाही. त्यांच्या प्रकाशित लेखनात मोठे साम्य सिद्ध झाल्यास शोधनिबंध मागे घेणे, वेतनवाढ रोखणे आणि दोन-तीन वर्षे नवे विद्यार्थी घेण्यास मनाई, अशा शिक्षा आहेत.

‘१० टक्के चालतात’ म्हणजे काय?

ही सवलत किरकोळ, अनवधानाने येणाऱ्या साम्यासाठी आहे. आकडा ५ टक्के असला आणि तेवढ्यात दुसऱ्याचा निष्कर्षच उचललेला असला, तर शब्दाच्या खऱ्या अर्थाने ते वाङ्मयचौर्यच. मार्गदर्शक वा परीक्षकाला ते दिसले तर आकड्याची ढाल उपयोगी पडत नाही.

शब्द बदलले की झाले?

समजा, मूळ वाक्य असे आहे : ‘पाणलोटाची कामे झालेल्या गावांत विहिरींची पातळी वाढली, पण ते पाणी उसाकडे वळल्याने टंचाई कायम राहिली.’ कोणी लिहिले : ‘पाणलोट कामे झालेल्या खेड्यांमध्ये विहिरींचे पाणी वाढले; मात्र ते उसाला गेल्याने टंचाई हटली नाही.’ सॉफ्टवेअर कदाचित हे पकडणार नाही. पण विचार, क्रम, युक्तिवाद सारे उसने आहे. ‘अमुक अभ्यासकाच्या मते’ असे म्हणून संदर्भ दिला आणि मांडणी स्वतःची केली, तरच ते योग्य.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्रजी निबंधाचा अनुवाद करून तो संदर्भाशिवाय प्रबंधात घालणे हेही प्लेजरिझमच आहे. भाषा बदलली म्हणून मालक बदलत नाही. आपलाच जुना लेख नवा म्हणून पुन्हा देणे यालाही ‘सेल्फ-प्लेजरिझम’ म्हणतात.

उशिरा उघड झाले तर?

पदवी मिळाली म्हणजे विषय संपत नाही. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांच्या प्रबंधात उचललेले उतारे आढळले. बायरॉइट विद्यापीठाने त्यांची डॉक्टरेट काढून घेतली आणि मार्च २०११ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. २०१२ मध्ये हंगेरीचे अध्यक्ष पाल श्मिट यांनाही अशाच कारणाने पायउतार व्हावे लागले. आपल्याकडे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर खुले असतात. त्यामुळे तपासणारा उद्या कोणीही असू शकतो.

काय करावे?

टिपणे काढतानाच पुस्तकाचे नाव आणि पान लिहून ठेवा. जसाच्या तसा मजकूर लगेच अवतरणचिन्हात टाका. इतरांचे म्हणणे लिहिताना मूळ पान मिटवून, समजले तेवढे आपल्या शब्दांत मांडा आणि संदर्भ द्या. ‘टक्के कमी करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका; ते शब्द फिरवून देतात, चोरी तशीच राहते आणि खाली सही तुमची असते. साम्य अहवाल हाती आला की आकड्याआधी रंगवलेली वाक्ये वाचा. प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारा : हे कोणाचे, आणि वाचकाला ते कळते आहे का?