मार डोक्याला, मग डॉक्टर डोळे का बघतात?

अपघातात डोक्याला जबर मार लागून माणूस बेशुद्ध झाला, की आयसीयूत सिस्टर ठराविक वेळाने त्याच्या पापण्या वर करून बॅटरीचा उजेड पाडतात. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना कोडं पडतं.

कवटी ही हाडाची बंद पेटी. आत रक्त साचलं किंवा मेंदूला सूज आली, तरी जागा वाढत नाही, दाब वाढतो. मोठ्या माणसात तो साधारण ७ ते १५ असतो. २२ च्या वर गेला, तर उतरवावा लागतो. नेमका मोजायचा तर कवटीला भोक पाडून बारीक तार किंवा नळी आत घालावी लागते. ही सोय सगळीकडे नसते. डोळ्याचा दाब मात्र छोट्या यंत्राने, काहीही न कापता मोजता येतो. डोळ्यातलं रक्त परत नेणाऱ्या शिरा कवटीतल्या शिरांना जाऊन मिळतात. आत दाब वाढला तर तिथे रक्त तुंबून डोळ्याचाही दाब वाढेल, असा तर्क.

तर्क बरा आहे, पण पुरता टिकत नाही. डोळ्याचा दाब (सर्वसाधारण १० ते २१) मुख्यतः डोळ्यातल्या पाण्यावर ठरतो. काचबिंदूत मेंदू ठणठणीत असूनही तो वाढलेला असतो. मेंदूची सूज उतरवायला देतात ते मॅनिटॉल डोळ्याचाही दाब उतरवतं. म्हणून या एका आकड्यावरून ‘वाचेल’ किंवा ‘आशा सोडा’ असं कुणी म्हटलं, तर मानू नका.

बाहुली जास्त भरवशाची. एक बाहुली मोठी होऊन उजेडानेही लहान होईना, तर सरकलेल्या मेंदूखाली डोळ्याची नस चेपली जात असेल. तेव्हा मिनिटं मोलाची. दोन्ही बाहुल्या थिजल्या, तर धोका फार मोठा. सोबत डोळे उघडणं, बोलणं आणि हातपाय हलवणं यांचे गुण मांडतात. १९७४ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी बसवलेली ही पद्धत. पूर्ण गुण १५, सर्वांत कमी ३. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर इजा. सीटी स्कॅन आणि वयही बघतात.

इथे घरच्यांचं एक काम आहे, जे गडबडीत राहून जातं. रुग्णाला काचबिंदू आहे का, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, डोळ्यात कोणते थेंब घालतात, एखादा डोळा बनावट आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे पोहोचताक्षणीच डॉक्टरांना सांगा. थेंबांनी मोठी झालेली बाहुली बघून भलताच अंदाज निघू शकतो.