राजगृह : दादरच्या एका घराचा इतिहास

शिरपामाळावर सहल नेली की आमच्या विद्यार्थ्यांना इतिहास समजावून सांगणे सोपे जाते. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराज आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांची येथे भेट झाली, महाराजांना शिरपेच अर्पण करण्यात आला आणि त्यावरूनच माळाला हे नाव पडले, अशी परंपरा आहे. शेजारी जव्हारला जयविलास राजवाडा उभाच आहे. राजा म्हटला की वाडा आणि वाडा म्हटला की घुमट, अशी आमच्या मुलांची समजूत होऊन बसते. म्हणूनच मुंबईच्या सहलीत 'आता आपण राजगृह पाहणार' असे सांगितले की त्यांच्या डोळ्यांसमोर जव्हारचाच राजवाडा येतो. दादरच्या हिंदू कॉलनीतील गल्लीत मुले उभी राहतात आणि कमानी, बुरूज शोधू लागतात. एकदा एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, हे तर घरच आहे." आम्हांला ते उत्तर फार आवडले. राजगृह हे घरच आहे, आणि त्याचा इतिहास घर म्हणूनच वाचला पाहिजे.

हा इतिहास दादरला सुरू होत नाही. तो बडोद्याला सुरू होतो. १९१७ साली परदेशातून परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास निघाले. त्यांचे ग्रंथ ज्या बोटीने येत होते ती महायुद्धात बुडाली होती. सामानाच्या नुकसानभरपाईचे जे सहाशे रुपये मिळाले, त्यांतूनच बडोद्याचा प्रवासखर्च निघाला. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांवर ते ज्या शहरात गेले, त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अडगळीने भरलेली जागा, सोबतीला कोणी नाही, आणि रात्री वाचायला एक कंदील. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. तोवरचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग त्यांनी स्वतःच नोंदविला आहे. ज्यांच्याजवळ अमेरिकेतील विद्यापीठाचे शिक्षण होते, त्यांच्याजवळ त्या रात्रीपुरते छप्पर नव्हते.

मुंबईत त्यांचे बिऱ्हाड परळला पोयबावडीजवळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. दोन खोल्या, मोठे कुटुंब आणि त्यातच अभ्यास. या 'ट्रस्ट'विषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण राजगृहाचा धागा तेथेच जुळतो. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट, अंधाऱ्या वस्त्यांतून माणसे पटापट मरू लागली, तेव्हा शहराची फेररचना करण्यासाठी १८९८ साली सरकारने हा ट्रस्ट स्थापन केला. एकीकडे त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या, तर दुसरीकडे बेटाच्या उत्तरेला दादर-माटुंग्याच्या शेतांवर आणि मोकळ्या जागेवर रुंद रस्ते, बागा आणि भूखंड आखून मध्यमवर्गासाठी नवे उपनगर वसवले. हवा आणि उजेड खेळावा म्हणून इमारतींमध्ये अंतर ठेवले गेले. मात्र मोकळ्या जागेवर वसलेले हे उपनगर मनाने तितकेसे मोकळे नव्हते. येथे पारशी कॉलनी झाली, हिंदू कॉलनी झाली, माटुंग्याला दक्षिणेकडील लोकांची वस्ती झाली. जातीजमातींच्या जुन्या भिंती नव्या नकाशातही उतरल्या. त्याच हिंदू कॉलनीत ट्रस्टच्या चाळीतला एक भाडेकरू जागेचा मालक म्हणून आला, ही घटना त्या काळाच्या मानाने लहान नव्हती.

१९३० च्या सुमारास बाबासाहेबांनी येथे दोन भूखंड घेतले. पाचव्या गल्लीतील १२९ क्रमांकाच्या भूखंडावर स्वतःचे घर बांधायचे आणि तिसऱ्या गल्लीतील ९९ क्रमांकावर भाड्याने देण्याची इमारत उभारायची, असा बेत होता. पैसा घरात नव्हताच. बँकेचे कर्ज काढावे लागले. १९३१ मध्ये काम सुरू झाले आणि १९३३ मध्ये घर राहण्याजोगे झाले. या तारखांशेजारी त्या वर्षांतल्या इतर तारखा ठेवून पाहाव्यात. लंडनच्या गोलमेज परिषदा याच काळातल्या, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह चालू होता, आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करारही भिंती उभ्या राहत असतानाच झाला. आमच्यापैकी ज्यांनी कर्ज काढून एखादी खोली बांधली आहे, त्यांना ठाऊक आहे की विटा-सिमेंटचा हिशेब माणसाला दुसरे काही सुचू देत नाही. बाबासाहेब तो हिशेब सांभाळून एका समाजाच्या राजकीय हक्कांचा हिशेब मांडत होते.

नावाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. राजगृह ही मगधाची प्राचीन राजधानी, बिंबिसार राजाची नगरी. तेथील वेळुवन राजाने बुद्धांना व भिक्षुसंघाला दान दिले, आणि बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती तेथेच भरली. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. घराला नाव पडले ते १९३३ मध्ये. धर्मांतराचा निर्णय तेव्हाच झाला होता असे आम्ही म्हणणार नाही, तो इतिहासाचा अतिरेक होईल. परंतु मन कोठे वळत होते याची एक खूण दारावर लागली होती, एवढे म्हणता येते. दुसऱ्या इमारतीला त्यांनी 'चार मिनार' हे नाव दिले. एक नाव बौद्ध संस्कृतीतले, दुसरे मुस्लिम. आणि दोन्ही हिंदू कॉलनीत!

घराची रचना सरळ होती. खालच्या मजल्यावर कुटुंब, वरच्या मजल्यावर ग्रंथ आणि काम. माता रमाईंना या घरात जेमतेम दोन वर्षे मिळाली. २७ मे १९३५ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. चाळीतल्या दोन खोल्यांत ज्यांनी आयुष्य आणि प्रकृती झिजवली, त्यांच्या वाट्याला हवेशीर घराची ही दोनच वर्षे आली. वरच्या मजल्यावर मात्र ग्रंथ वाढत राहिले. न्यूयॉर्कमध्ये जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमवणाऱ्या आणि त्यांतील बरीच गमावणाऱ्या या वाचकाने आता भिंतीच पुस्तकांसाठी बांधल्या होत्या. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' हे भाषण १९३६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले ते याच काळात, आणि स्वतंत्र मजूर पक्षही त्याच वर्षीचा. १९४० च्या अखेरीस आलेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला.

पुढे कर्ज फेडण्यासाठी आणि पुस्तकांसाठी पैसा हवा होता, तेव्हा १९४१ मध्ये 'चार मिनार' विकली गेली. भाडे देणारी इमारत गेली आणि पुस्तकांचे घर राहिले. आम्ही हा व्यवहार वर्गात सांगतो, तेव्हा 'सर, उलटे का नाही केले?' असा प्रश्न हमखास येतो. मुलांनी तो विचारावा आणि घरी जाऊन आईवडिलांशीही त्यावर बोलावे, अशी आमची इच्छा असते. आमच्या शाळेचे ग्रंथालय म्हणजे पूर्वी एक कपाट होते आणि त्याची किल्ली कार्यालयात असे. पुस्तके फाटतील म्हणून ते कुलूप होते, हे माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. आता ते कपाट उघडे असते आणि पुस्तके फाटतात.

१९४२ नंतर बाबासाहेबांचा मुक्काम मुख्यतः दिल्लीला राहिला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले, आणि पार्थिव विमानाने मुंबईस आणून राजगृहातच ठेवले गेले. ७ डिसेंबरची अंत्ययात्रा येथूनच निघून दादरच्या चौपाटीवर गेली. ७ जुलै २०२० च्या संध्याकाळी याच घराच्या आवारात नासधूस झाली. कुंड्या, काचा आणि कॅमेरे फोडले गेले. टाळेबंदीचे दिवस होते. महाराष्ट्रभर लोक अस्वस्थ झाले, पण कुटुंबीयांनी शांततेचे आवाहन केले आणि लोकांनी ते मानले. कुंड्या पुन्हा ठेवल्या गेल्या, काचा पुन्हा बसल्या.

लंडनचे किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले. दिल्लीत अलिपूर रोडवर, जेथे महापरिनिर्वाण झाले तेथे, २०१८ मध्ये स्मारक झाले. ती दोन्ही घरे बाबासाहेबांना काही काळापुरती लाभलेली होती. दादरचे हे घर तेवढे त्यांनी स्वतःसाठी बांधले. तळमजल्यावर आता त्यांची छायाचित्रे आणि वापरातील वस्तू पाहता येतात.

६ डिसेंबरला आपल्या भागातून बांधव मोठ्या संख्येने दादरला जातात. चैत्यभूमी स्थानकाच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे बहुतेक जण दर्शन घेऊन तेथूनच परततात. ज्यांना शक्य असेल त्यांनी पूल ओलांडून पूर्वेला उतरावे, खोदादाद सर्कलकडे चालत जावे आणि हिंदू कॉलनीत वळावे. गर्दीच्या दिवशी रांग असते, पाणी जवळ ठेवावे. मुले बरोबर असतील तर त्यांना आधी काही सांगू नये. समोर उभे करावे आणि ती काय म्हणतात ते ऐकावे.