खाजेची बेरीज

"डॉक्टरसाब, मागं मारली होती तीच सुई मारा." निर्मलपासून भैसा-मुधोळपर्यंत कुठल्याही गुरांच्या दवाखान्यात पावसाळ्याच्या दिवसांत थोडा वेळ बसलं, तर हे वाक्य कधी मराठीत, कधी तेलुगूत, कधी दखनीत कानावर पडतं. साखळीला लॅब्रॅडोर असतो, नाहीतर काखेत पग. पोटाची कातडी लालबुंद, कानातून आंबूस वास आणि सारखं चाटून पंजांचे पांढरे केस तपकिरी झालेले. मालक रात्रभर जागलेला असतो, कारण कुत्रा रात्रभर खाजवत होता.

ती सुई बहुतेक वेळा स्टेरॉइडची असते आणि ती काम करते, यात वाद नाही. संध्याकाळपर्यंत खाज उतरते, कुत्रा निवांत झोपतो, घरही झोपतं. लांब पल्ल्याच्या स्टेरॉइडचा असर तीन-चार आठवडे राहतो. तो ओसरला की खाज परत येते आणि मालकही परत येतो. दोन-चार वर्षं असं चाललं की कुत्रा घटाघटा पाणी पिऊ लागतो, घरात लघवी करतो, पोट सुटतं, कातडी पातळ होते, जखमा भरेनाशा होतात. काही कुत्र्यांना मधुमेह होतो. गोळी असती तर मात्रा कमी करत आणता आली असती. अंगात गेलेली सुई मागं घेता येत नाही. म्हणून जगभरचे पशुत्वचातज्ज्ञ अ‍ॅलर्जीसाठी या सुईचा वारंवार वापर टाळायला सांगतात. थोड्या दिवसांची प्रेडनिसोलोनची गोळी ही वेगळी गोष्ट. ती स्वस्त आहे, गावात मिळते आणि नीट वापरली तर उपयोगी आहे. फक्त ती मनानं सुरू करायची नाही आणि मनानं एकदम बंदही करायची नाही.

मूळ दुखणं काय असतं? माणसाला अ‍ॅलर्जी झाली की शिंका येतात, नाक गळतं, दम लागतो. कुत्र्यात ती बहुतेक वेळा कातडीवर फुटते. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो. अ‍ॅलर्जीच्या कुत्र्यात तर त्या थरातल्या पेशींना सांधणारी चरबीही कमी पडते. त्या फटींतून धुळीतल्या सूक्ष्म किडींचा अंश, परागकण, बुरशीचे कण आत शिरतात. शरीर त्यांना शत्रू समजून लढायला उठतं आणि त्या धुमश्चक्रीत खाजेचा निरोप मेंदूपर्यंत नेणारी रसायनं सुटतात. इंटरल्युकिन-३१ हे त्यातलं एक ठळक नाव. हा आजार साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात पहिल्यांदा दिसतो. आठ वर्षांचा होईतो ज्याला कधी खाज नव्हती, त्याला ती अचानक सुटली तर अ‍ॅलर्जीआधी दुसरं कारण शोधावं.

पोचमपाडचं श्रीरामसागर धरण निर्मलकरांना नव्यानं सांगायला नको. नांदेडकडून गोदावरी येते, कंदकुर्तीला मांजरा मिळते, वरून पाऊस कोसळतो. पाणी कुठूनही येवो, पातळी १०९१ फुटांना भिडू लागली की दरवाजे उचलावेच लागतात. खाजेचं तसंच आहे. धुळीची अ‍ॅलर्जी थोडी, पिसवा थोड्या, कानातली बुरशी थोडी, न मानवणारं खाणं थोडं. एकेकटं असतं तर कुत्र्यानं निभावून नेलं असतं. सगळ्यांची बेरीज ठरावीक पातळीवर गेली की तो कातडी सोलून काढतो. मालकाला वाटतं, कालपर्यंत बरा होता, आज काय खाल्लं यानं? आज काहीच खाल्लेलं नसतं. अ‍ॅलर्जी मुळापासून जात नाही. पण बाकीचे ओघ अडवले तर पातळी खाली ठेवता येते. उपचार म्हणजे हेच.

आपल्या हवेत पहिला ओघ पिसवांचा. "आमच्याकडे पिसवा नाहीत," असं घरातले ठासून सांगतात. खाजणारा कुत्रा चाटून-चावून पिसवा गिळून टाकतो, त्यामुळे त्या दिसत नाहीत, हे त्यांच्या लक्षात येत नाही. तपासायचं असेल तर उवा काढायची बारीक दातांची फणी घ्या आणि कमरेवर, शेपटीच्या बुडापाशी कातडीला टेकवून फिरवा. फणीत अडकलेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर झटका आणि थोडा वेळ थांबा. माती असेल तर ती काळीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर प्रत्येक कणाभोवती तांबूस, गंजासारखं वर्तुळ पसरतं. ते कुत्र्याचंच पचलेलं रक्त असतं. खाज कमरेच्या मागच्या बाजूला आणि शेपटीपाशी जास्त असेल तर संशय पिसवांवरच घ्यावा. पंजे, काखा, जांघा, कान आणि तोंडाभोवती असेल तर धूळ, पराग किंवा खाण्यावर.

कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण फौजेचा लहानसा भाग. अंडी, अळ्या आणि कोष सोफ्याखाली, फरशीच्या भेगांत, गोधडीत पडलेले असतात. कोष तर कित्येक आठवडे तसेच राहतात. म्हणून एकदा औषध लावून "फरक पडला नाही" म्हणण्यात अर्थ नाही. निदान तीन महिने सलग आणि घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला औषध द्यावं लागतं. अफॉक्सोलानरची चघळायची गोळी महिनाभर चालते, फ्लुरालानरची सुमारे बारा आठवडे. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये दिला होता. तेव्हा कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, मांजर दगावतं. लूत किंवा गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनची सुई सर्रास दिली जाते, पण कोली आणि त्याच्या जातभाईंमध्ये ती जिवावर बेतू शकते.

गावठी उपायांबद्दल एकदा स्पष्ट बोललं पाहिजे. लूत लागलेल्या कुत्र्याला गाडीचं जळकं ऑइल चोपडणं, रॉकेल लावणं, कापसावर मारायचं फवारणीचं औषध बादलीत कालवून त्यानं आंघोळ घालणं, हे उपाय नव्हेत. कुत्रा अंग चाटतो, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं. घरात पडलेली माणसांची खाजेची ट्यूबही नको. त्यात अनेकदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असं तिन्ही एकत्र असतं. सोरायसिससाठीचं कॅल्सिपोट्रिओलचं मलम कुत्र्यानं चाटलं तर तो मरू शकतो. हळद-खोबरेलाशी माझं भांडण नाही. कोरडा कोंडा त्यानं दबतो, पण ओलसर, वास मारणाऱ्या बुरशीच्या कातडीवर तेल चोपडू नये.

त्या वासावरून बरंच कळतं. जुनाट, तेलकट, आंबूस वास आणि हत्तीच्या कातडीसारखी जाड, काळवंडलेली काख दिसली तर तिथं मॅलासेझिया ही बुरशी वाढलेली असण्याची दाट शक्यता. पोटावर पुळ्या, गोल खपल्या आणि पू असेल तर जिवाणू. डॉक्टर साध्या चिकटपट्टीनं कातडीवरचा नमुना उचलून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू शकतात. खर्च फारसा नाही आणि दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं. ही तपासणी न करता दर खेपेला प्रतिजैविक लिहून घेण्याची सवय वाईट, कारण औषधांना दाद न देणारे जिवाणू आता कुत्र्यांच्या कातडीवरही मुक्कामाला आले आहेत. वरवरचा संसर्ग बऱ्याचदा औषधी आंघोळीनंच आटोक्यात येतो.

ही आंघोळ बहुतेक घरांत चुकीची होते, म्हणून ती सविस्तर सांगतो. माणसांचा शॅम्पू किंवा कपड्यांचा साबण नको; आपली कातडी आम्लधर्मी, कुत्र्याची जवळजवळ उदासीन. क्लोरहेक्सिडिन किंवा त्यासोबत मायकोनॅझोल असलेला शॅम्पू डॉक्टरांना विचारून आणावा. पाणी थंडगार नको आणि ऊनही नको, कारण गरम पाण्यानं खाज भडकते. निर्मलच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून थेट अंगावर सोडणं म्हणजे चटकाच. ते आधी बादलीत निवू द्या. अंग कातडीपर्यंत भिजलं की आधी पंजांच्या बेचक्या, काखा, जांघा, मानेच्या वळ्या इथं शॅम्पू लावा आणि मग पाठीला. आता घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं. औषध कातडीला लागून राहिलं तरच काम करतं. दोन मिनिटांत धुऊन टाकला तर महागडा शॅम्पू गटारात जातो. हा वेळ काढायला कुणीतरी समोर बसून त्याच्याशी बोलत राहिलं तर बरं. मग बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा आणि टॉवेलनं टिपून घ्या, रगडू नका. बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली तर बुरशीला आयतं घर मिळतं. संसर्ग असताना आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा.

फिरून आल्यावर चारी पंजे आणि पोट साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करणं ही बिनपैशाची सवय तर आजपासूनच लावा. रस्त्याकडेला, पडीक जागेत, शाळेच्या कुंपणापाशी पावसानंतर गाजर गवत माजतं. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं हे तण आज देशभर आहे. माणसांत कातडीची आणि श्वासाची अ‍ॅलर्जी करणारं म्हणून ते कुप्रसिद्ध आहे, आणि कुत्र्याचं नाक-पोट नेमकं त्याच्या उंचीवर असतं. घरात त्रास देतात त्या धुळीतल्या किडी. कापसाची जुनी गादी किंवा गोधडी हे त्यांचं आवडतं ठिकाण. कुत्र्याचं अंथरूण धुता येईल असं ठेवा आणि दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा.

आता खाणं. चिकनवर खापर फोडायची आपल्याकडे पद्धत आहे, पण दूध, गोमांस आणि गहूही त्याच रांगेत आहेत. रक्त तपासून खाण्याची अ‍ॅलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका, त्यांचा भरवसा नाही. खरी चाचणी एकच: कुत्र्यानं आजवर कधीही न खाल्लेला एक मांसाचा प्रकार आणि एक पिष्ट पदार्थ, किंवा प्रथिनं बारीक तोडलेलं खास खाद्य. तेवढंच आणि आठ आठवडे. खाज कमी झाली तर जुनं खाणं पुन्हा देऊन पाहायचं. ती परतली तर गुन्हेगार सापडला. हे ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या घरांत सातव्या आठवड्यात आजी चहात बुडवलेलं बिस्किट "एवढ्याशानं काय होतंय" म्हणून देते आणि सगळं मुसळ केरात. प्रयोग सुरू करण्याआधी डॉक्टरांपेक्षा आजीची समजूत काढणं महत्त्वाचं. पिसवांची मांसाच्या चवीची गोळीही या काळात चालत नाही, दुसरा पर्याय विचारून घ्या.

एवढं करूनही खाज उरली तर ती बहुधा हवेतल्या, धुळीतल्या कणांची. आणि मग औषध दीर्घकाळ लागतं. माणसांची सेटिरिझिनची गोळी बहुतेकांनी देऊन पाहिलेली असते. ती फार हानी करत नाही, पण कुत्र्यात तिचा गुणही बेताचाच. मात्र सर्दीच्या ज्या मिश्र गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्या विषारी. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ओक्लासिटिनिब हे औषध खाजेचा निरोपच अडवतं आणि एका दिवसात फरक दाखवतं. पहिले चौदा दिवस जास्तीत जास्त दोन वेळा, मग एकदा. एक वर्षाच्या आतल्या पिल्लाला आणि गंभीर संसर्ग असताना ते देत नाहीत. लोकिव्हेटमॅब नावाचं प्रतिपिंड थेट इंटरल्युकिन-३१ ला पकडून ठेवतं. एक सुई चार ते आठ आठवडे पुरते, पण ती दवाखान्यापर्यंत थंड पेटीतूनच यावी लागते. सायक्लोस्पोरिन स्वस्त नाही आणि त्याचा गुण दिसायला महिना-दीड महिना लागतो. माशाच्या तेलाला दोन-तीन महिने द्यावे लागतात, पण त्याच्या जोडीनं बाकी औषधांची मात्रा कमी करता येते. ज्या कणांची अ‍ॅलर्जी आहे तेच थोडे थोडे टोचून शरीराला सवय लावणारी लस काही कुत्र्यांना चांगली लागू पडते, पण वर्षभराचा धीर धरावा लागतो.

यासाठी कधी तज्ज्ञ गाठावा लागेल. निर्मलहून कोरुटल्याचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ, राजेंद्रनगर त्याहून लांब. भैसा-मुधोळकडच्या मराठी घरांना परभणी किंवा उदगीरचं महाविद्यालयही गाठता येतं. जाताना आधीच्या सुया-गोळ्यांची नावं आणि तारखा घेऊन जा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री खाजेला शून्य ते दहा असे गुण लिहीत गेलात, तर तो कागद डॉक्टरांना तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा जास्त सांगेल.

एक विनंती राहिली. ब्रिटनमध्ये अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवलेल्या लॅब्रॅडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांवर झालेल्या, २००४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात या आजाराचा जवळपास निम्मा वाटा आनुवंशिकतेचा निघाला. औषधानं कातडी चकचकीत झालेला कुत्रा दिसायला देखणाच असतो आणि त्याला क्रॉसिंगसाठी मागणीही येते. कुणी विचारायला आलं तर चहा पाजा आणि नाही म्हणा.