धावत्या गाडीखालची टाकी

कुंभकोणम् शहरापासून मायिलाडुतुरैच्या रस्त्याने पूर्वेस सुमारे ८ किलोमीटर गेले म्हणजे तिरुभुवनम् हे गाव लागते. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळ राजाने बांधविलेले कंपहरेश्वराचे उत्तुंग मंदिर आणि हातमागावर विणल्या जाणाऱ्या रेशमी साड्या, या दोन गोष्टींसाठी ते प्रसिद्ध आहे. मायिलाडुतुरैहून कुंभकोणम् व तंजावरकडे जाणारा लोहमार्ग या गावाजवळूनच जातो आणि तिरुविडैमरुदूरचे स्थानक येथून अगदी जवळ आहे.

या मार्गावरून लांब पल्ल्याची एखादी गाडी धडधडत निघून जाते, तेव्हा पाहणाऱ्याची दृष्टी खिडक्यांकडे आणि त्यांतून डोकावणाऱ्या चेहऱ्यांकडे वळते. प्रत्येक डब्याच्या तळाशी पोलादाच्या काही चौकोनी पेट्या टांगलेल्या असतात. त्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः गेल्या काही वर्षांत भारतीय रेल्वेत झालेल्या फार मोठ्या बदलांपैकी एक या पेट्यांत दडलेला आहे. डब्यातील शौचकूपांचा मैला त्यांत साठतो आणि धावत्या गाडीतच त्याचे विघटन सुरू होते. प्रवासात निर्माण होणाऱ्या मैल्याचे काय करावयाचे, हा प्रश्न रेल्वेपुरता मर्यादित नाही. विमान, जहाज, चाकांवरचे फिरते घर, या सर्वांना तो सोडवावा लागतो.

रुळांवर पडणारा मैला

भारतातील आगगाड्यांच्या खालच्या वर्गाच्या डब्यांत प्रारंभी शौचकूपच नव्हते. स्थानकावर गाडी थांबली की उतरावयाचे आणि शिट्टी होण्यापूर्वी परतावयाचे, अशी प्रवाशांची तारांबळ उडे. ओखिलचंद्र सेन नावाच्या एका प्रवाशाची गाडी अशाच प्रसंगी चुकली. त्याने १९०९ मध्ये मोडक्यातोडक्या इंग्रजीत रेल्वेच्या साहिबगंज कार्यालयाकडे तक्रार केली. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयामुळे सर्वांना ठाऊक झाले असून, खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचकूप येण्यास ते कारणीभूत झाले, असे सांगितले जाते.

ही सोय झाली खरी, परंतु ती अर्धीच होती. शौचकूपाखाली केवळ एक उघडी नळी असे आणि तिच्यातून मैला थेट रुळांवर पडे. गाडी स्थानकात उभी असताना शौचकूप वापरू नये, अशी सूचना प्रत्येक डब्यात लिहिलेली असे. तिच्यामुळे स्थानके काहीशी स्वच्छ राहत. मैला मात्र नाहीसा होत नसे, तो पुढच्या गावाच्या वाट्यास जाई.

यातून दोन प्रकारची हानी होत होती. एक लोखंडाची. मैलापाण्यातील लवणे व अम्ले यांमुळे रूळ, त्यांचे सांधे आणि रुळांना जखडून ठेवणाऱ्या पकडी गंजत. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्ये आपला अहवाल सादर केला, त्यात या गंजण्याची गंभीर दखल घेतलेली आहे. मैला रुळांवर सोडण्याची पद्धत पाच वर्षांत सर्व डब्यांतून बंद करावी, अशी शिफारस समितीने केली. अणुशक्तीच्या क्षेत्रात आयुष्य वेचलेल्या शास्त्रज्ञास शौचकूपाकडे लक्ष द्यावे लागले, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. कारण गाडीची सुरक्षितता शेवटी रुळाच्या मजबुतीवर अवलंबून असते.

दुसरी हानी माणसांची होती. रुळांवर पडलेला मैला कोणी तरी उचलीत होते. त्या माणसांचा विचार पुढे केला आहे.

पेटीतील कामकरी

रेल्वेला उपाय सापडला तो बर्फात. हिमालयाच्या अत्युच्च ठाण्यांवर सैनिकांचा मैला थंडीमुळे कुजत नाही, वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. हे संकट दूर करण्यासाठी ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने थंडीतही काम करणारा जंतूंचा एक समूह तयार केला व त्यासाठी बंद टाकी आखली. तीच युक्ती डब्याखाली बसविण्याचा करार २०१० मध्ये झाला आणि २०११ च्या जानेवारीत ग्वाल्हेर ते वाराणसी धावणाऱ्या बुंदेलखंड एक्स्प्रेसला अशा टाक्या प्रथम बसविण्यात आल्या. पुढे २०१६ च्या जुलैमध्ये तमिळनाडूतीलच रामेश्वरम् ते मानामदुरै हा ११४ किलोमीटरचा मार्ग मैलामुक्त घोषित झाला. देशातील असा तो पहिलाच मार्ग होय. आता ७० हजारांहून अधिक डब्यांत मिळून अडीच लाखांवर जैविक शौचकूप बसविलेले आहेत.

टाकीतील क्रिया मूलतः जुनीच आहे. घराच्या परसातील सेप्टिक टाकीत किंवा गोबर वायूच्या संयंत्रात जे घडते तेच येथे घडते. मुंबईच्या माटुंगा भागातील महारोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्याच्या टाकीतून वायू गोळा करण्याची सोय केलेली होती व पुढे त्या वायूवर इंजिनही चालविण्यात आले. जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे राहणारे जंतू हे काम करतात. त्यांच्या तीन टोळ्या असतात, असे समजावे. पहिली टोळी मैल्यातील मोठे, गुंतागुंतीचे कण फोडून पाण्यात विरघळविते. दुसरी त्यांपासून साधी अम्ले तयार करते. तिसरी टोळी या क्रियेत निर्माण झालेल्या पदार्थांपासून मिथेन व कर्बद्विप्राणिद हे वायू निर्माण करते. हे वायू नळीवाटे बाहेर जातात. टाकीत आडभिंती घालून कप्पे केलेले असतात. त्यांमुळे मैला वळणे घेत सावकाश पुढे सरकतो. अखेरीस राहिलेले पाणी क्लोरीनचा संस्कार होऊन खाली पडते.

यांपैकी तिसरी टोळी सर्वांत नाजूक होय. मिथेन निर्माण करणारे जंतू फार सावकाश वाढतात. अम्ल वाढले, उग्र जंतुनाशक पडले किंवा थंडी वाढली की त्यांचे काम मंदावते. म्हणून अशा शौचकूपात फिनेलची बाटली रिकामी करणारा मनुष्य स्वच्छतेच्या हेतूने स्वच्छतेच्याच मुळावर घाव घालीत असतो.

जमिनीतील टाकी आणि धावती टाकी यांत एक महत्त्वाचा भेद आहे, तो वेळेचा. ७२ प्रवाशांच्या शयनयानात चार शौचकूप असतात. म्हणजे प्रत्येकी १८ प्रवासी. प्रत्येकाने दिवसातून तीनदा शौचकूप वापरला आणि दर वेळी १० लिटर पाणी ओतले, असे धरले तर दिवसाला ५४० लिटर पाणी टाकीत येते. टाकी ४०० लिटरांची मानली तर नवा मैला जुन्याला एका दिवसाच्या आतच बाहेर ढकलू लागतो. जंतूंना पुरेसा अवधीच मिळत नाही. मद्रास येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी काही वर्षे परीक्षा करून २०१७ मध्ये असाच आक्षेप घेतला, की या टाक्यांतून बाहेर पडणारे पाणी साध्या सेप्टिक टाकीतील पाण्याहून फारसे निराळे नसते. रेल्वेने आपली बाजू मांडली. तथापि पाणी जितके कमी पडेल तितके टाकीचे काम चांगले होईल, ही गोष्ट वादातीत आहे. यासाठीच वंदे भारत गाड्यांत विमानांतल्याप्रमाणे निर्वात पद्धत योजिलेली आहे. हवेच्या दाबाने मैला खेचला जातो आणि दर वेळी सुमारे अर्धा लिटर पाणी पुरते.

टाकीची निगा

टाकी बसविली की काम संपले, असे नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये सादर केलेल्या अहवालात सुमारे २५ हजार जैविक शौचकूपांची वर्षभराची हकीकत दिलेली आहे. त्यांत जवळजवळ २ लाख दोष आढळले आणि निम्म्याहून अधिक दोष तुंबण्याचे होते. तुंबण्याचे कारण जंतूंपाशी नव्हते. पाण्याच्या बाटल्या, चहाचे पेले, तंबाखूच्या पुड्या, कापडाचे तुकडे आणि लहान मुलांचे लंगोट टाकीत टाकले जात होते. जंतू अन्नाचे विघटन करतात. प्लॅस्टिक हे त्यांचे अन्न नव्हे. म्हणून डब्यात कचऱ्याची पेटी ठेवणे आणि पाण्याचे भांडे साखळीने बांधणे, असे साधे उपाय योजावे लागले.

आगारात गाडी आली की नळीचे वळण मोकळे आहे काय, झडप बसते काय, टाकीतील द्रवाचा वास व रंग कसा आहे, हे पाहावयाचे असते. तुंबलेली टाकी शोषयंत्राने उपसावी लागते. ती संपूर्ण रिकामी झाली तर तिच्यात जंतूंचे विरजण पुन्हा घालावे लागते. येथे दुधाचा दृष्टांत लागू पडतो. विरजणाचे भांडे कढत पाण्याने धुऊन काढले तर दुसऱ्या दिवशी दही लागत नाही.

चाकांवरचे घर

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून चाकांवरची घरे आपल्या रस्त्यांवरही दिसू लागली आहेत. अशा गाडीत बहुधा तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी न्हाणी व भांड्यांच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. येथे मैला पचविण्याची घाई नसते. तो साठवून योग्य जागी रिता करावयाचा असतो.

या कामाचे नियम थोडे आहेत, पण ते अनुभवाने सिद्ध झालेले आहेत. मैल्याच्या टाकीची तोटी एरवी बंद ठेवावी. ती उघडी राहिली तर पाणी वाहून जाते आणि घन मैला मागे राहून तळाशी त्याचा कठीण ढीग बनतो. टाकी सुमारे दोन तृतीयांश भरली म्हणजे रिकामी करावी, कारण पुरेशा पाण्याच्या लोंढ्याबरोबरच मैला निघून जातो. प्रथम मैल्याची टाकी रिती करावी आणि नंतर सांडपाण्याची. म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. शेवटी मैल्याच्या टाकीत थोडे स्वच्छ पाणी घालून ठेवावे, म्हणजे तळ कोरडा पडत नाही. हातमोजे घालावेत. आणि ही टाकी मलनिःसारणाच्या व्यवस्थेतच रिकामी करावी. ओढा, शेताचा बांध किंवा रस्त्याकडेचे गटार ही तिची जागा नव्हे. तेथे ती रिती करणारा प्रवासी रेल्वेच्या जुन्या उघड्या नळीचीच पुनरावृत्ती करीत असतो.

हात कोणाचा?

आता मघाच्या माणसांकडे वळावयास हवे. रुळांवरचा मैला स्थानकांत झाडूने व हाताने उचलला जात होता. हाताने मैला उचलण्यास माणसे लावण्याची प्रथा १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने निषिद्ध झाली. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात रेल्वेलाही ही प्रथा संपविण्याची कालबद्ध योजना आखण्यास सांगितले. गटारांत व टाक्यांत उतरून मरण पावलेल्यांच्या कुटुंबांस १० लाख रुपये भरपाई द्यावी, असेही ठरविले. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख करण्यात आली. सरकारी नोंदींत अशा मृत्यूंच्या संख्येत तमिळनाडूचे नाव दुर्दैवाने वरच्या क्रमांकांत आहे.

टाकीतील मृत्यूचे कारण टाकीच्या रसायनातच आहे. जे जंतू मैला पचवितात तेच मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही निर्माण करतात. त्याला प्रथम सडक्या अंड्यांचा वास येतो. परंतु प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. धोका टळला असे वाटते, तेव्हाच तो सर्वाधिक असतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो. खाली उतरलेला मनुष्य काही क्षणांत कोसळतो आणि त्याला वाचवावयास उतरलेला दुसराही त्याच गतीस जातो. म्हणून टाकीत माणसाने उतरावयाचेच नाही, हाच एकमेव सुरक्षित नियम होय. तिरुभुवनम्‌च्या शेजारच्या कुंभकोणम् नगरीने २०१९ च्या सुमारास भुयारी गटारांच्या सफाईसाठी ‘बँडिकूट’ हे यंत्र आणले. केरळातील तरुण अभियंत्यांनी ते घडविलेले आहे. यंत्राचा हात खाली उतरतो, आणि माणूस वर उभा राहून पडद्यावर पाहत ते चालवितो.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे फार पूर्वी एका सत्पुरुषाचे लक्ष गेले होते. कोकणात आप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये तुरुंगात असताना सफाईचे काम आपणांस मिळावे म्हणून उपोषण केले. गांधीजींनीही त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणारे स्वस्त शौचकूप तयार केले. मैल्याची घृणा करण्यापेक्षा त्याची शास्त्रशुद्ध व्यवस्था लावावी, म्हणजे कोणा एका जातीच्या हातावर त्याचा भार पडणार नाही, ही त्यांची दृष्टी होती.

डब्याखालच्या टाकीचे महत्त्व या दृष्टीने पाहिले तर नीट कळते. टाकीतील जंतू आपले काम करीत असतात तोवर मैल्याला कोणाचा हात लागत नाही. एखादा प्रवासी तीत बाटली टाकतो आणि टाकी तुंबते. मग ती मोकळी करण्यासाठी आगारात कोणाला तरी त्या पेटीपाशी जावे लागते. रिकामी बाटली कचऱ्याच्या पेटीत टाकण्यास प्रवाशाला क्षणभराचेच कष्ट पडतात. तेवढे त्याने केले तर आगारातल्या त्या माणसाचे काम शोषयंत्राची नळी जोडून तोटी उघडण्यापलीकडे जाणार नाही.